मोहट्यांचं तेल कडू का होतं आणि खाण्याजोगं कसं काढायचं

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सुरगाणा तालुक्यातल्या तुमच्या गावाच्या डोंगरावर आणि बांधांवर मोहाची जुनी झाडं आहेत. आजी मोहट्यांचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढायच्या आणि भाजीला तेच तेल असायचं. गेल्या पावसाळ्यात गटातल्या बायकांनी मोहट्या गोळा केल्या आणि भाद्रपदात गिरणीवर नेल्या. तेल काळपट आलं, कडू लागलं, कढईत फेसाळलं, आणि थंडी पडल्यावर पांढरं होऊन गोठलं. आता तुम्हाला विचारायचंय की हे तेल खरंच खायचं असतं का, बिघडलं कुठे, आणि लाकडी घाणा घेऊन ते शहरात विकता येईल का.

तेल खाण्याचंच आहे. जव्हार-मोखाड्यापासून सातपुड्यापर्यंत आणि पलीकडे गडचिरोलीपर्यंत डोंगरातल्या घरांनी ते पिढ्यान् पिढ्या खाल्लंय. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही मोहाच्या तेलाचं मानक दिलेलं आहे. थंडीत गोठलं म्हणून भेसळ समजू नका. या तेलात ओलेइक आम्ल साधारण ४० ते ५० टक्के, पामिटिक आणि स्टिअरिक मिळून ४० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडं वर, आणि लिनोलेइक १० ते १५ टक्के असतं. पामिटिक-स्टिअरिक एवढं असलं की तेल २३ ते ३१ अंशांच्या दरम्यानच घट्ट व्हायला लागतं. पूर्वी तर हेच तेल तुपात मिसळून लोक फसवायचे, इतकं ते तुपासारखं थिजतं. तुमचं तेल मार्गशीर्षात पांढरं झालं नसतं तर मला शंका आली असती.

कडूपणा आणि फेस मात्र दोष आहेत, आणि त्यातला मोठा वाटा गिरणीच्या आधीच घडलेला असतो. घाण्याचा विचार नंतर करू. मोहाच्या तेलाचा कस ठरतो तो मोहटी झाडाखालून उचलल्यापासून तिच्या टरफलाच्या आतली डाळ कडक वाळेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत. माझ्याकडे घाण्यावर जे बी येतं त्याची डाळ मोडून बघितली की तेल कसं निघणार ते आधीच कळतं.

कारण झाडाच्या स्वभावातच आहे. मोह फुलतो फाल्गुन-चैत्रात, पण त्याचं फळ, आपला दोडा, पिकतो मृगाच्या आगेमागे. पाऊस लागल्या लागल्या बी जमिनीवर पडावं आणि लगेच रुजावं अशी ती योजना आहे. मोहटी थांबून राहणारं बी नव्हे. ओल मिळाली की पंधरवड्याच्या आत मोड येतो, आणि कोरडी ठेवली तर काही आठवड्यांत तिची उगवण्याची ताकद जाते. मोड येण्यासाठी बियातलं लायपेज नावाचं विकर जागं होतं आणि साठवलेलं तेल फोडायला लागतं. कोंबाला खाऊ मिळतो, आपल्याला मात्र सुटी स्निग्धाम्लं, म्हणजे तेलातून मोकळी झालेली आम्लं, मिळतात. तीच घशाला लागतात, वास आणतात, आणि तेल कढईत तापायच्या आधीच धूर काढतात. मोड दिसायच्या कितीतरी आधी हे सुरू झालेलं असतं. ज्येष्ठात पोत्यात भरून ओटीवर ठेवलेली मोहटी वरून चकचकीत दिसते, पण आतून बिघडत असते.

तेव्हा सुरुवात गोळा करण्यापासून. दोडे काठीने झोडपू नका. कच्चा दोडा भाजीला उत्तम, पण त्यातलं बी भरलेलं नसतं, तेल कमी आणि कडवटपणा जास्त. फुलं वेचल्यामुळे दोडे कमी लागतात असं तुमच्या गटातल्या कोणी म्हटलंय, ते खरं नाही. पहाटे फुलं पडतात तेव्हा एखादं हातात घेऊन बघा. गळतो तो रसाळ पाकळ्यांचा पेला, त्याला आतून पुंकेसर चिकटलेले असतात. खालच्या बाजूला भोक असतं. लांब दांडीसारखा कुक्षीवृंत आणि त्याच्या बुडाचा बीजांडकोष डहाळीवरच, तपकिरी लवेच्या टोपीत राहतो, आणि त्याचाच पुढे दोडा होतो. पडलेली फुलं वेचल्याने फळाचं काही जात नाही. फांद्या हलवून फुलं पाडली तर जातं. आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला तर फारच जातं: बुंधा भाजतो आणि आधीची दोन-तीन वर्षांची रोपं त्याच आगीत संपतात. पाला झाडून बाजूला लोटा किंवा जुन्या साड्या, जाळी अंथरा.

वटवाघळांनी गर खाऊन टाकलेल्या मोहट्या सकाळी झाडाखाली सापडतात. त्या पिकलेल्या दोड्यातल्याच असतात, तेलाला चांगल्या. फक्त उष्टा गर पोरांना खाऊ देऊ नका, मोहट्या स्वच्छ धुवा, हात धुवा, आणि त्या त्याच दिवशी पसरा.

मोहट्या रोज वेचाव्यात, दिवसाआड नाही. पिकल्या दोड्यांचा ढीग करून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, गर कुजला की बी हाताने निसटतं म्हणून. एखादी रात्र चालेल. त्याहून जास्त ठेवलं तर ढीग आतून तापतो. हात घालून बघा, कोमट लागला तर उशीर झालाय. दोडा पिळून मोहटी काढा, पाण्यात चोळून गर घालवा, तरंगणाऱ्या पोकळ मोहट्या काढून टाका आणि जाळीवर पातळ थरात पसरा.

इथे माझं मत ठाम आहे: अख्खी मोहटी टरफलासकट वाळवायच्या नादी लागू नका. पाणी निथळून वरचं टरफल सुकलं, की लगेच फोडा. चपट्या दगडावर लाकडी मोगरीचा हलका फटका बसला की ते तपकिरी, गुळगुळीत टरफल तडकतं आणि आतली डाळ दोन फाकांत सुटते. फाक मोकळी झाली की ती अख्ख्या मोहटीपेक्षा कितीतरी लवकर वाळते, आणि पावसाच्या दोन सरींमधल्या उघडिपीचा खरा उपयोग होतो. फोडताना किडलेली, काळी पडलेली, बुरशीचा पांढरा-हिरवा तंतू धरलेली फाक दिसेल. ती मायेने ठेवू नका. बुरशीचं विष थोडं तेलात उतरतं, बाकी पेंडीत राहतं, आणि घरच्या घाण्यात ते काढायची सोय नसते.

आजीचं तेल चांगलं निघायचं त्याचं एक कारण चूल. पूर्वी डाळ चुलीवरच्या माळ्यावर बांबूच्या तट्ट्यावर पडलेली असायची, खालून रात्रंदिवस ऊब. आता गॅस आला, माळा गेला आणि मोहट्या पोत्यात गेल्या. चुलीवर वाळवलेल्या डाळीला धुराचा वास लागतो, तो तेलात उतरतो आणि शहरातल्या गिऱ्हाइकाला नको असतो. म्हणून गटाकडे जे काही पैसे असतील त्यांतून आधी वाळवणी उभी करा: पारदर्शक प्लास्टिकची बोगद्यासारखी शेड, आत जमिनीपासून उंच जाळीच्या फळ्या, दोन्ही टोकांना वारा खेळेल अशी सोय, आणि सलग झडीच्या दिवसांसाठी बाहेर भट्टी ठेवून धूर न येता फक्त गरम हवा आत येईल असा पाइप. घाणा भाड्याने मिळतो, पावसाळ्यातलं ऊन मिळत नाही.

वाळली कधी म्हणायची? एका जाळीच्या पिशवीत मूठभर डाळ वेगळी बांधा, बाकीच्या डाळीबरोबरच ठेवा आणि रोज संध्याकाळी वजन करा. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही की झालं. फाक मोडली की कट्‌ असा आवाज यावा, वाकू नये. मोडलेली बाजू फिक्या सायीसारखी दिसावी. तपकिरी कडा, तेलकट पिवळे डाग किंवा खवट वास असेल तर ती डाळ साबणाच्या तेलाला लावा, खाण्याच्या तेलात मिसळू नका. पाच किलो खराब डाळ पंचवीस किलो चांगल्या डाळीचं तेल नासवते. वाळलेली डाळ हवाबंद डब्यांत भरा आणि दिवाळीच्या आत गाळप उरका. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवाल तर ती हळूहळू खवट होतेच.

आता तुमच्या फेसाबद्दल. मोहाच्या बियात सॅपोनिन असतात, म्हणजे रिठ्यात असतात त्या जातीचे फेसाळ, कडू पदार्थ. ते तेलात विरघळत नाहीत, पण डाळीचा बारीक भुगा आणि ओल यांच्याबरोबर तेलात येतात. तुमच्या तेलाची ही चाचणी घरी करा: थोडं तेल, तितकंच गरम पाणी, बाटलीत घालून हलवा. पांढरा फेस बराच वेळ टिकला तर भुगा आणि सॅपोनिन आलेत, ते काढता येतील. फेस टिकत नाही पण घशात जळजळ होते आणि जुन्या खोबऱ्यासारखा वास येतो, तर ते खवट आहे. ते दुरुस्त होत नाही, त्याचा साबण करा. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.

तिसरी शक्यता गिरणीची, आणि ती पहिल्यांदा तपासा. तुमच्या आधी त्या यंत्रातून काय निघालं होतं? आपल्याकडच्या डोंगरी भागातल्या बऱ्याच गिरण्यांवर करंज आणि कडुनिंब गाळतात. करंजाचं तेल खाण्याचं नाही, कडूजहर असतं, आणि यंत्राच्या पिंजऱ्यात मागे राहिलेली थोडीशी पेंडही तुमच्या पहिल्या डब्याला पुरते. पिंजरा उघडून साफ करून घ्या, मग दोन-तीन किलो मोहाचीच हलकी डाळ सोडा आणि तिचं तेल दिव्याला ठेवा. गिरणीवाला तयार नसेल तर गिरणी बदला. जिथे शेंगदाणा किंवा खुरासणी गाळतात ती गिरणी लांब असली तरी परवडते.

गाळपाची रीत जुन्यांची बरोबर होती. डाळ जाडसर कुटायची, बांबूच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्याच्या तोंडावर वाफवायची, आणि गरम असतानाच दोन जाड फळ्यांमध्ये दाबायची. वाफेने तीन कामं होतात: तेल साठवणाऱ्या पेशी फुटतात, ते खट्याळ विकर मरतं, आणि तेल पातळ होऊन वाहतं. एक्स्पेलरवर, म्हणजे स्क्रूने डाळ दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर, काम करताना मीही डाळ आधी कोमट करून घेतो, पण वाफ जास्त झाली तर वरून सुकवतो, नाहीतर यंत्रात लगदा होतो आणि तेलाऐवजी दुधासारखं पाणी गळतं. लाकडी घाण्याबद्दल तुम्हाला घाई दिसतेय, म्हणून स्पष्ट सांगतो. तीळ, शेंगदाण्याला तो छान. मोहाचं तेल मुळात थिजणारं, त्यात डोंगरातली थंडी. अशा वेळी थंड घाण्यात डाळ चिकटते आणि निम्मं तेल पेंडीत राहतं. मोहाच्या डाळीतून घाण्यावर साधारण २० ते ३० टक्के, एक्स्पेलरवर ३४ ते ३७ टक्के तेल मिळतं.

हिशेब असा मांडा: १०० किलो कोरड्या मोहट्या फोडल्या की सुमारे ७० किलो डाळ, आणि एक्स्पेलरवर तिचं २४-२५ किलो तेल. म्हणजे किलोभर तेलाला चार किलो मोहट्या. बी ३० रुपयांनी घेतलं तर १२० रुपये नुसत्या बियाचे, वर फोडणी, वाळवणी, गाळप, वाहतूक. फोडणीची मजुरी लोक धरतच नाहीत कारण ती घरातल्या बायका करतात. ती धरा, नाहीतर तेल स्वस्त दिसेल आणि गटातल्या बायका दुसऱ्या वर्षी येणार नाहीत. गावात फोडणीचं हातयंत्र आलं तर सगळ्यात जास्त श्रम तिथे वाचतात. आणि मोह दरवर्षी सारखा धरत नाही. भरघोस वर्षामागून एखादं रिकामं वर्ष येतंच, तेव्हा एका वर्षाच्या उत्पन्नावर कर्ज काढू नका.

तेल निघाल्यावर ते स्टीलच्या उभ्या भांड्यात कोमट जागी दोन-तीन दिवस निवळू द्या. गाळ बसला की वरचं तेल काढून दुहेरी सुती कापडातून गाळा. चाचणीत तरीही फेस टिकला तर तेल कोमट करा, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं गरम पाणी चिमूटभर मीठ घालून मिसळा. हलक्या हाताने ढवळा, घुसळू नका, नाहीतर ते ताकासारखं होऊन बसतं. रात्रभर ठेवा, खालचं गढूळ पाणी काढून टाका. शेवटी तेल मंद आचेवर तापवा. आत राहिलेलं पाणी तडतडतं. ती तडतड पूर्ण थांबली की लगेच उतरवा. पाण्याचा अंश राहिलेलं तेल महिनाभरात वास धरतं.

रंग पिवळसर ते फिकट तपकिरी, वास किंचित गोडसर, चवीला मागे हलका मोहाचा स्वाद. एवढं मिळालं तर समजा जमलं. तळणाला हे तेल चांगलं टिकतं. रोजच्या जेवणात मात्र एकट्यावर राहू नका. त्यात संतृप्त स्निग्धांश बराच आहे, खुरासणी किंवा शेंगदाण्याबरोबर आलटून-पालटून वापरा.

पेंडीचं सांगणं गंभीर आहे. सॅपोनिनमुळे ती माशांना विष आहे. ओढ्यात, नदीत धुवू नका, यंत्राचं धुवणही तिकडे सोडू नका. गुरांना कच्ची पेंड घालू नका. खत म्हणून वापरता येते, नत्र सुमारे अडीच टक्के असतं, पण ती सावकाश कुजते, म्हणून लावणीच्या दीड-दोन महिने आधी मातीत मिसळा. आणि गांडूळखताच्या खड्ड्यात कधीही नाही. इंग्रज आपल्या हिरवळीतली गांडुळं घालवायला हीच पेंड भारतातून नेत असत. पहिल्या महायुद्धाआधी मुंबई बंदरातून मोहट्याही जहाजाने जर्मनीला जायच्या, साबण आणि चरबीच्या धंद्यासाठी. आपल्याकडे मात्र सरकारचं लक्ष कायम फुलावर. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा केला गेला, दारूच्या भीतीने. मोह म्हटलं की दारू एवढंच शहरात ठाऊक राहिलं आणि घरातलं तेल विस्मरणात गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोळा करताना प्रत्येक झाडाखालच्या काही मोहट्या सोडा. तुमच्या फोटोतली सगळी झाडं म्हातारी आहेत, मधल्या वयाचं एकही दिसत नाही. फुलं आपण वेचतो, बी आपण वेचतो, उगवलेलं रोप शेळी खाते. ताज्या, टपोऱ्या मोहट्या आषाढातच, धुतल्यावर आठवड्याच्या आत, दोन बोटं खोल थेट जागेवर टोका. याचं सोटमूळ झपाट्याने खाली जातं, पिशवीत फार दिवस ठेवलं तर वेटोळं घालतं आणि झाड खुरटतं. बियापासूनचं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं लागतात. कलमाचं त्याच्या निम्म्या वेळात येतं. गुजरातेतल्या गोध्र्याजवळच्या वेजलपूर फळबाग संशोधन केंद्राने ‘थार मधु’ हा निवडक वाण काढला आहे. बांधावर दोन-चार कलमं लावायला हरकत नाही, पण डोंगरावर मात्र तुमच्याच चांगल्या झाडांचं बी टोका, त्याला तुमचा पाऊस आणि तुमची माती माहीत आहे.

विक्रीचं शेवटी. वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे हक्कधारकांना मोहटीसारखं गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा अधिकार आहे. गावाचा सामूहिक हक्काचा दावा मंजूर आहे का, ते ग्रामसभेकडून आधी बघून घ्या. खाद्यतेल सुटं विकायला मनाई आहे, त्यामुळे अन्नसुरक्षेची नोंदणी काढून बंद डब्यातच विका. पहिल्या हंगामाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आम्लांक (सुटी स्निग्धाम्लं किती), पेरॉक्साइड (खवटपणा किती) आणि अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) यांसाठी तपासा. आम्लांक वाढलेला आला तर तो माल खाण्यासाठी विकू नका, कितीही मेहनत लागलेली असली तरी. चिठ्ठीवर गाळपाची तारीख, वजन, गावाचं नाव घाला. डाळ वाफवलेली असेल तर ‘कोल्ड प्रेस’ लिहू नका, आणि सांधेदुखीपासून मधुमेहापर्यंतचे दावे तर मुळीच नकोत. ‘थंडीत गोठतं, कोमट पाण्यात बरणी ठेवा’ हे मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर पौषात निम्मी गिऱ्हाइकं परत फोन करतील. आणि अरुंद तोंडाच्या बाटल्या घेऊ नका. चमचा आत जाईल अशा रुंद तोंडाच्या, गडद रंगाच्या काचेच्या अर्ध्या किलोच्या बरण्या घ्या.